आमचा राजा अचानक गेला, आप्पांना कसं सावरू?

सायलीची_वेल (सोमवार, रात्री ११:४८)

नमस्कार मंडळी, इथं रोज वाचते पण लिहायची वेळ पहिल्यांदाच आली आणि ती अशी आली. शनिवारी आमचा राजा गेला. राजा म्हणजे कॉकाटील, दुकानदार लोक कॉकटेल म्हणतात तो, पोपटाच्याच जातीतला, पिवळसर पांढरा, गालावर केशरी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. साडेतीन वर्षं होता आमच्याकडं.

आधी आप्पांचं सांगते म्हणजे बाकीचं कळेल. आप्पा माझे सासरे, एसटीत कंडक्टर होते, सगळी नोकरी सातारा डेपोत. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि हा माणूस बोलायचाच बंद झाला. सकाळी राजवाड्यापर्यंत चालत जायचे, पेपर घेऊन यायचे आणि दिवसभर खिडकीत. शेवटी ह्यांनी पुण्याहून हे पिल्लू आणलं. दुकानदार म्हणाला नर आहे, बोलेल बघा, म्हणून नाव राजा. राजा कधी बोलला नाही. शिट्टीसुद्धा धड मारली नाही. पण एक करायचा. सकाळी भूक लागली की स्टीलच्या वाटीच्या काठावर चोच दोनदा मारायचा, टण टण, आणि आप्पा आतून ओरडायचे "डबल बेल झाली, चला!" मग पिंजऱ्यावरचा कपडा काढायचे. कपडा म्हणजे सासूबाईंच्या जुन्या इरकलीचा अर्धा तुकडा, रात्री थंडी लागू नये म्हणून आप्पाच झाकायचे. साडेतीन वर्षं आमच्या घराची सकाळ त्या दोन ठोक्यांनी झालेली आहे.

गुरुवारी संध्याकाळी राजा अंग फुगवून बसला होता. मला वाटलं थंडी. जानेवारीत आमच्या शाहूपुरीत रात्री हुडहुडी भरते, मी खिडकी लावली आणि स्वयंपाकाला लागले. शुक्रवारी सकाळी बेल वाजली नाही. आप्पा म्हणाले आज बेल नाही गं, बघ जरा. बघितलं तर पिंजऱ्याच्या तळाला बसलेला, पाय फाकवून, आणि श्वास घेताना शेपटी खालीवर खालीवर होत होती. शिट एकदाच केली, नेहमीपेक्षा खूप मोठी आणि वास मारणारी, नंतर काहीच नाही. गावातल्या एका दवाखान्यात नेलं, तिथले डॉक्टर कुत्र्यामांजरांसाठी चांगले आहेत, त्यांनी स्वतःच सांगितलं की पक्ष्यांचं मी फारसं बघत नाही, सर्दी असेल म्हणून थेंब दिले. दुपारी जरा बरा वाटला म्हणून मी पण निर्धास्त झाले हो. रात्री नऊला मात्र पायच उचलेना. मग ह्यांनी मित्राकडून पुण्यातल्या पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर मिळवला. फोन मी केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, नर आहे की मादी? मी म्हणाले, नर. अगदी ठासून म्हणाले. ऊब द्या आणि सकाळी घेऊन या म्हणाले.

आप्पा रात्रभर पिंजऱ्याजवळ बल्ब लावून बसून होते. पहाटे निघालो, बुटाच्या खोक्यात टॉवेल, बाजूला गरम पाण्याची बाटली, खोकं आप्पांच्या मांडीवर. सुरूर गेलं आणि खंबाटकी यायच्या आत आप्पा ह्यांना म्हणाले, थांबव गाडी. एवढंच. बाजूनं ट्रक जात होते, गाडी हलत होती, आणि आप्पा खोक्यावर हात ठेवून बसलेले.

परत आलो. पुरायच्या आधी आप्पा कोमट पाण्यानं त्याला पुसत होते आणि त्यांनी मला हाक मारली, हे काय लागतंय बघ. पोटाखाली गोटीएवढं घट्ट काहीतरी. मी फोटो काढून पुण्याच्या डॉक्टरांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन. म्हणाले, ताई, हे अंडं आहे, अडकलं होतं. तुमचा राजा मादी होती.

त्या वाक्यापासून मला झोप नाही. मी "मादी" म्हणाले असते तर? "माहीत नाही" जरी म्हणाले असते तरी? मागच्या कढीपत्त्याखाली पुरलं. आप्पा जेवणाला नुसते पानावर बसतात. आणि रात्री रिकाम्या पिंजऱ्यावर इरकल झाकतात. शेजारचे, नातेवाईक, सगळे म्हणतात पक्षीच तर होता. मुलगा पाचवीत आहे, तो प्रश्न विचारून विचारून जीव घेतोय. काय करू सांगा. आणि कोणाला माहीत असेल तर खरं सांगा, माझ्यामुळं गेला का? लिहितानासुद्धा तो तो करतेय, गेली लिहायला हात वळत नाहीये.

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ७:१०)

ताई, वाचून घशात आवंढा आला. मी सांगलीचा, गावभागातला. २०१९ च्या पुरात आमच्याकडं लव्हबर्डची जोडी होती. ऑगस्टचा महिना, पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं, आम्ही फ्रीज सोडला, गाद्या सोडल्या, आणि माझ्या बायकोनं पिंजरा डोक्यावर घेऊन गच्ची गाठली. होडीतून बाहेर काढायला आले तेव्हा ते म्हणाले आधी माणसं, ती म्हणाली मग मी मांडीवर घेते, जागा नाही लागत त्याला. असं वाचवलेलं जनावर.

आणि दीड वर्षानं काय झालं, नवीन नॉनस्टिक तवा आणला होता. बायको दूध घ्यायला खाली गेली, तवा गॅसवर रिकामा राहिला, तापून तापून धूर निघाला. आम्हाला नुसता वास आला. दोन्ही पक्षी काही मिनिटांत खाली पडले. नंतर कळलं की त्या तव्याचा लेप जास्त तापला की जो वायू सुटतो तो पक्ष्यांच्या फुप्फुसाला सहनच होत नाही, माणसाला ठसकाही लागणार नाही एवढ्यानं पक्षी जातो. तुमच्यासारखंच आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. दुकानदार दाणे विकतो, पिंजरा विकतो, हे सांगत नाही.

बायको अजून बोलते त्यावर. मी तिला एकदाच म्हणालो होतो की जाऊ दे, पक्षीच होते. ते मी बोलायला नको होतं, ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही आणि तिचं बरोबर होतं. आप्पांना फक्त कोणी तसं म्हणू देऊ नका. बाकी जेवतील हळूहळू.

वाठारकर (मंगळवार, सकाळी ८:३२)

वाईट झालं ताई. पण माझं ऐकाल तर लगेच दुसरा आणा, हजार दोन हजारात मिळतो. पिंजरा रिकामा ठेवू नये, म्हातारं माणूस त्यातच बघत बसतं. आमच्या वडिलांना आम्ही आठ दिवसांत दुसरा कुत्रा आणून दिला, सावरले.

विश्रामबागवाली (मंगळवार, सकाळी ९:०५)

@वाठारकर, दादा तुमच्या वडिलांचं झालं असेल, पण सगळ्यांना नाही जमत हो. आमच्या आईला आम्ही न विचारता दुसरे बजरीगर आणले तर ती त्यांच्याकडं बघायचीच नाही, दाणापाणी मी करायचे, आणि त्या बिचाऱ्या जिवांचा काय दोष. आप्पांनी स्वतः विषय काढला तरच. नाहीतर नाही.

सायली ताई (हेच नाव धरून चालते), मुलाचं मी सांगते कारण ती चूक मी केलीय. आमचा बजरी गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. मी तिला म्हणाले उडून गेला, त्याच्या आईकडं गेला. मला वाटलं सोपं जाईल. तिनं काय केलं माहितीये, रोज झोपताना हॉलची खिडकी उघडायची, येईल म्हणून. पावसात पण. डास यायचे, मी ओरडायचे, ती गुपचूप परत उघडायची. चार महिने चाललं हे. शेवटी मी तिला सोसायटीच्या बागेत नेऊन जागा दाखवली, तेव्हा ती एवढी रडली की बस, पण त्या रात्रीपासून खिडकी बंद झाली. तुमच्या मुलानं पुरताना बघितलंय ना? मग बरं आहे. विचारेल तेवढं सांगा, अंडं अडकलं म्हणजे काय तेही सांगा, पाचवीतल्या पोराला कळतं.

गुरांचा_डॉक्टर (मंगळवार, दुपारी २:१६)

मी पशुवैद्यक आहे, कराड भागात. काम जास्त गाईम्हशींचं आणि पोल्ट्रीचं, पण घरी स्वतः कॉकाटील पाळलेत म्हणून लिहितोय. ताई, तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून खरंच लिहितो, गोड करून नाही.

आधी नर मादीचं. साध्या राखाडी कॉकाटीलमध्ये नराचा चेहरा मोठेपणी पिवळाधमक होतो, मादीचा मळकट राहतो, ओळखता येतं. पण तुम्ही वर्णन केलाय तो ल्युटिनो. त्यात सगळंच पिवळं पांढरं, नुसतं बघून अनुभवी माणूसही फसतो. शेपटीच्या खालच्या बाजूला मादीला फिकट पिवळे पट्टे असतात, पण ते उजेडात धरून बघावे लागतात. खात्री डीएनए टेस्टनं होते, पिसावरूनही करता येते. दुकानात तर दोन महिन्यांच्या पिल्लाला नर म्हणून देतात, कारण गिऱ्हाईकाला बोलणारा पाहिजे असतो. न बोलणं, शिट्टी न मारणं ही खूण होती, पण ती आत्ता मागं वळून बघताना दिसतेय. तेव्हा ती कुणालाच दिसली नसती.

दुसरं, मादीला अंडी व्हायला नर लागत नाही. हे लोकांना माहीतच नसतं. पोल्ट्रीतल्या लेअर कोंबड्या नराशिवायच अंडी घालतात, तसंच हे. घरातला पक्षी एकटा असला तरी त्याच्या अंगाला वाटलं की आता विणीचा हंगाम आहे, तर अंडं तयार होणार. असं वाटायला काय लागतं? रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट म्हणजे लांब दिवस. भरपूर दाणे. कपाटाखाली, दिवाणाखाली अंधारी जागा. आणि पाठीवरून हात फिरवणं, कारण पक्ष्याच्या अंगाला ते जोडीदारासारखं लागतं. हात फिरवायचा तर फक्त डोक्यावर आणि मानेवर.

आता अडकतं का. कवच बनवायला कॅल्शियम लागतं आणि अंडं ढकलायला स्नायूला पण कॅल्शियमच लागतं. नुसत्या राळ्यावर आणि सूर्यफुलावर असलेल्या पक्ष्याकडं ते नसतं. त्यात ऊन नाही. काचेमागचं ऊन उपयोगाचं नाही, ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. पहिलंच अंडं, त्यात थंडी, म्हणजे सगळं एकदम आलं. नव्वद शंभर ग्रॅमचा जीव आणि पाचसहा ग्रॅमचं अंडं आत अडकून मूत्रपिंडावर, पायाच्या नसांवर दाबतंय, म्हणून पाय गेले. श्वासाच्या पिशव्या दाबल्या जातात म्हणून शेपटी हलत होती. ती मोठी वास मारणारी शिट ही तर ठळक खूण.

वाचली असती का? गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी पक्ष्यांचा माहीतगार डॉक्टर मिळाला असता, एक्स-रे होऊन कॅल्शियमचं इंजेक्शन, ऊब आणि दमट हवा मिळाली असती तर चांगला चान्स होता. शुक्रवारी रात्री नऊला पाय गेलेले असताना तुम्ही फोनवर "मादी" म्हणाला असता तरी डॉक्टर फार तर म्हणाले असते आत्ताच निघा. रात्रीचा घाट, त्या अवस्थेतला पक्षी, ती पुण्याला पोचली असती असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. तुमच्या त्या एका शब्दानं ती गेली असं मात्र मी डॉक्टर म्हणून मानत नाही.

आणि पक्षी आजार लपवतो. रानात आजारी दिसला की शिकारी उचलतो, म्हणून शेवटपर्यंत ताठ बसतो. आपल्याला दिसतं तेव्हा दोनतीन दिवस होऊन गेलेले असतात. म्हणून मी घरच्या पक्ष्यांना दर रविवारी स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर ठेवतो. वजन आधी बोलतं, पक्षी नंतर.

बाकी वाचणाऱ्यांसाठी: असं दिसलं तर घरी पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर संपलं. तेलबिल सोडत बसू नका. तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. ऊब द्या आणि निघा.

सायलीची_वेल (मंगळवार, रात्री १०:५५)

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद पाच वेळा वाचला. खूप आभार. रडले पण आभार.

तुम्ही लिहिलेलं सगळं आमच्या घरात होतं. समुद्रफेस, कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात टांगतात तो, आणला होता सुरुवातीला, तो संपल्यावर परत आणायचं राहिलं, दाणे मात्र कधी संपू दिले नाहीत. हॉलमध्ये टीव्ही रात्री अकरापर्यंत. महिनाभर राजा सारखा कपाटाखाली जाऊन बसायचा, कागद कुरतडायचा, आम्ही हसायचो, मुलगा व्हिडिओ काढायचा. तो व्हिडिओ आज परत बघितला. घरटं करत होती ती.

आणि पाठीवरून हात. आप्पा रोज दुपारी, बातम्या बघताना, तासभर. ती डोळे मिटून त्यांच्या गुडघ्यावर बसायची आणि ते एका बोटानं मानेपासून शेपटीपर्यंत. रोज. हे मी आप्पांना कसं सांगू? त्यांनी आज विचारलं, डॉक्टरला विचारलंस का, कशानं झालं. मी म्हणाले कॅल्शियम कमी पडलं. खोटं नाही पण सगळं खरं पण नाही. माझी चूक मी घेईन अंगावर, पण ह्या माणसाला त्याच्या हाताच्या मायेनं हे झालं असं कसं सांगायचं.

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री ११:२०)

नका सांगू. मी सांगणार नाही, तुम्ही पण सांगू नका. त्या वयाला तेवढं ओझं कशाला.

विश्रामबागवाली (बुधवार, सकाळी ६:४८)

मला उलट वाटतं. उद्या त्यांनी परत पक्षी आणला आणि परत तसाच हात फिरवला तर? आणि आप्पा मोबाइल बघत असतील, कुठं तरी वाचतीलच. तुमच्या तोंडून कळलेलं बरं. पण आज नको, जरा जेवू खाऊ लागू देत.

गुरांचा_डॉक्टर (बुधवार, सकाळी ७:३०)

मी जरा सरसकट लिहिलं, ते दुरुस्त करतो. नुसत्या हात फिरवण्यानं कोणी मरत नाही. त्यानं फार तर अंडं धरायला मदत होते. अंडं घालणं हा आजार नाही, हजारो माद्या अंडी घालतात आणि उठून दाणे खातात. अडकलं ते कॅल्शियम, ऊन, थंडी ह्यामुळं. आप्पांना सांगायचंच तर ह्या क्रमानं सांगा. तुम्ही त्यांना म्हणालात ते अपुरं होतं, खोटं नव्हतं.

रानवाट (बुधवार, सकाळी ११:०२)

कुणाच्या दुःखात बोलू नये पण राहवत नाही. पक्षी पिंजऱ्यात ठेवायचाच कशाला? आभाळातल्या जिवाला दोन फुटांत कोंडायचं आणि मग रडायचं. सोडून दिला असता तर जगला असता.

गुरांचा_डॉक्टर (बुधवार, दुपारी १:१५)

@रानवाट, तुमची कळकळ समजते, पण कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आणि इथं मिळतात ते पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले. साताऱ्यात सोडला तर कावळे, घारी, मांजरं, दोन दिवस टिकणार नाही. तुम्ही म्हणता ते आपल्या हिरव्या पोपटाला मात्र शंभर टक्के लागू आहे. तो लाल कंठाचा साधा पोपट असो नाहीतर पहाडी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो पाळणं गुन्हाच आहे, मग तो किती का राम राम म्हणेना.

माण_नदी (बुधवार, संध्याकाळी ५:४०)

विषय निघालाच म्हणून विचारतो. आमच्याकडं वादळात आंब्याखाली पडलेलं हिरव्या पोपटाचं पिल्लू आहे, पोरांनी भिजवलेली डाळ भरवून जगवलंय, आता पंख आलेत. धागा वाचून धास्ती बसली. काय करावं?

गुरांचा_डॉक्टर (बुधवार, संध्याकाळी ६:०५)

वनविभागाला कळवा, १९२६ ला फोन करा, पिल्लू सापडलंय म्हणून सरळ सांगा. स्वतः गच्चीवरून उडवू नका, त्याला अजून रानात खायला शोधता येत नाही.

नव्या_नव्या (बुधवार, रात्री ८:२२)

मी साताऱ्यातच आहे, गोडोलीत. माझ्याकडं पण ल्युटिनो आहे, नाव बाजीराव, एक वर्षाचा, तोही बोलत नाही आणि गेले पंधरा दिवस सोफ्याच्या मागं जाऊन बसतोय. हात थरथरतायत टाइप करताना. काय करू?

गुरांचा_डॉक्टर (बुधवार, रात्री ८:४०)

घाबरू नका. अंग फुगवून तळाला बसतोय का? शेपटी हलतेय का? नसेल तर वेळ आहे. आज रात्रीपासून सातला पिंजरा झाकून अंधार, सकाळपर्यंत. सोफ्यामागची जागा बंद करा. समुद्रफेस टांगा, अंड्याची टरफलं उकळून वाळवून बारीक कुटून ठेवा, मेथी आणि शेवग्याचा पाला द्या, पालक नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. सकाळचं कोवळं ऊन, काच नको, अर्ध्या पिंजऱ्याला सावली पाहिजे. उद्या वजन करून लिहून ठेवा. आणि चुकून अंडं दिसलं तर लगेच उचलू नका, उचललं की ती भर म्हणून अजून घालत राहते आणि खंगते.

नव्या_नव्या (गुरुवार, सकाळी ९:१२)

वजन ९४ ग्रॅम. शेपटीखाली टॉर्च धरून बघितलं. पट्टे आहेत. आईला सांगितलं तर ती म्हणाली मग मस्तानी म्हणा. सायली ताई, तुमच्या धाग्यामुळं कळलं हे.

सायलीची_वेल (शुक्रवार, रात्री ११:३०)

दोन दिवस आले नाही. काल सांगितलं आप्पांना. ठरवून नाही, झालं तसं. मुलगा जेवताना म्हणाला की आप्पा, राजा मुलगी होता. होता म्हणाला, होती नाही. आप्पा म्हणाले कोण म्हणतं. मग मीच सगळं बोलले, डॉक्टरांनी सांगितलं त्या क्रमानं, आधी दाणे, ऊन, थंडी, टीव्हीचा उजेड, आणि शेवटी हाताचं. हाताचं सांगताना मी ताटाकडं बघत होते.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंजी पोर बाळंतपणात गेली म्हण की."

मला काय बोलावं कळेना. मग त्यांनी त्यांच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. ही बहीण होती हेच मला लग्नाला बारा वर्षं होऊन माहीत नव्हतं. पहिलटकरीण, माहेरी आलेली, रात्री बैलगाडीतून साताऱ्याला आणत होते, आप्पा तेव्हा आठनऊ वर्षांचे, गाडीत तिच्या उशाशी बसलेले. वाटेतच गेली. म्हणाले, तवाबी असंच झालं, मी हात धरून बसलो हुतो, आन् गाडी थांबवा म्हणालो. मग उठून हात धुतले. ह्यांनासुद्धा ही गोष्ट माहीत नव्हती.

हाताचं ते काहीच बोलले नाहीत. ना रागानं ना काही. फक्त झोपताना पिंजऱ्यावर इरकल टाकली नाही. घडी घालून सासूबाईंच्या ट्रंकेत ठेवली. आज सकाळी दोन भाकरी खाल्ल्या, पिठल्याबरोबर. आणि दुपारी शेजारच्या काकू परत म्हणाल्या, अहो पाखरूच ते, तर आप्पा म्हणाले, "पाखरू न्हवं, लेक हुती घरातली, आमाला कळाली न्हाय." काकू गप्प.

तेव्हापासून घरात सगळे तिला "ती" म्हणतात. नाव मात्र राजाच. राजा आली, राजा बसली. कानाला विचित्र लागतं पण बदलायचं नाही म्हणाले.

कृष्णाकाठ (शनिवार, सकाळी ७:२५)

ताई, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली आप्पांना आमचा नमस्कार सांगा. बाकी काय लिहू.

वाठारकर (शनिवार, सकाळी ८:१०)

मी लगेच दुसरा आणा म्हणालो होतो ते मागं घेतो. आप्पांना सांभाळा.

चौथी_ब (शनिवार, दुपारी १२:४४)

प्राथमिक शिक्षिका आहे, वाचत होते नुसती. तुमच्या मुलाला त्याचे व्हिडिओ जपून ठेवू द्या, पुसू नका. आमच्या वर्गात एकानं मेलेल्या सशाचं चित्र काढलं होतं, घरच्यांनी फाडलं, तर तो पुढं कितीतरी दिवस ससाच काढत होता, पानंच्या पानं.

सायलीची_वेल (रविवार, सकाळी १०:१८)

व्हिडिओ आहेत, मुलानं वेगळं फोल्डर केलंय. नव्या, मस्तानीचं वजन टाकत जा इथं दर रविवारी, आप्पा विचारत होते.

डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं. अर्धा किलो राळं शिल्लक आहे, न उघडलेलं, आणि थोडं डब्यात उघडं. आप्पा म्हणतायत गच्चीवर चिमण्यांना घालू. चालेल ना? राजाला झालं तसं काही त्यांना लागणार नाही ना त्यातून?

गुरांचा_डॉक्टर (रविवार, सकाळी १०:५०)

अडकलेलं अंडं हा संसर्ग नाही, बिनधास्त घाला. डब्यातलं नाकाला लावून बघा, कुबट वास किंवा जाळी असेल तर टाकून द्या, बुरशीचे दाणे पक्ष्यांना वाईट. पिंजऱ्यातलं उष्टं नको. शेजारी पाण्याचं पसरट भांडं ठेवा, रोज घासून.

नव्या_नव्या (रविवार, सकाळी ११:३०)

९५ ग्रॅम. सोफ्यामागं पुठ्ठा लावलाय.

सायलीची_वेल (रविवार, संध्याकाळी ६:०२)

डब्यातलं कुबट निघालं, टाकलं. नवीन पिशवी उघडली. मी मातीची थाळी आणली होती पण आप्पा म्हणाले वाटी आहे की, तीच घेतली, स्टीलची. कठड्यावर ठेवली आणि लांब खुर्ची टाकून बसले. दुपारभर कोणी आलं नाही. चारच्या सुमारास दोन चिमण्या आल्या. ९५ सांगितलं त्यांना, बरं म्हणाले.